फ्लॅट नऊची यादी

पहाटे चारला हल शहरात जागे फक्त आम्ही
आणि हंबर नदीवरचं धुकं.
मनगटाला यंत्र, पुढ्यात सहा क्रेटची ढकलगाडी,
आणि मी, जनीन स्टॅदर्स,
लोकांनी रात्री अंथरुणात पडून मागवलेलं वाणसामान
फडताळांतून निवडते.

चेहरा कुणाचाच दिसत नाही. यादी दिसते.
यादीवरून माणूस कळतो, थोडासा,
वाळत घातलेल्या कपड्यांवरून कळतो तितपत.

डब्ल्यू. गारबट, फ्लॅट नऊ, दर गुरुवारी:
सॉसेज रोल बारा, पांढरा पाव दोन,
कोलाच्या मोठ्या बाटल्या चार,
कस्टर्ड क्रीम बिस्किटं, डब्यातले बीन्स सहा.
हिरवं म्हणावं असं काही नाही,
पुदिन्याच्या गोळ्या सोडल्या तर.

वर्षभर हेच.
‘मागचीच ऑर्डर पुन्हा’ असं एक बटण असतं,
ते दाबलं की आठवडा आपोआप भरतो.
भूक लागायच्या आधीच ठरून गेलेली असते.

जानेवारीत एकदा त्याचे बीन्स संपले होते.
यंत्र म्हणालं, पर्याय निवड.
मी कमी मिठाचे घातले.
डब्यावरचे ठिपके सगळे हिरवे. मला बरं वाटलं,
जशी काही मीच त्याच्या रक्तदाबाची नर्स.
केल्विन व्हॅनमधून घेऊन गेला, तसाच परत घेऊन आला.
“म्हातारा म्हणतो, जीभ माझी आहे,
पुढच्या वेळी तिला विचारून पाठवा.”
बरोबरच होतं त्याचं.
त्यानंतर मी कुणाच्या जिभेत नाक खुपसलं नाही.

मार्चमध्ये, पैसे भरायच्या पानावर
कंपनीने एक प्रश्न ठेवला. एवढासा.
दटावणी नाही, उपदेश नाही:
याच्याऐवजी हे चालेल का?
खाली दोन बटणं, सारख्याच आकाराची.
मी म्हटलं, कोण वाचतंय.

पुढच्या गुरुवारी दोन पावांतला एक तपकिरी झाला.
एकच. दुसरा ठाम पांढरा.
मग कोलाच्या चारच्या तीन.
मग एप्रिलभर काही नाही,
उलट सॉसेज रोल सोळा.
कुणी पाहुणे असतील, किंवा दिवस वाईट असतील.
यादी कारण सांगत नाही.
मेमध्ये ओट्स.
मेच्या शेवटी कमी मिठाचे बीन्स, सहाच्या सहा,
त्याने आपणहून मागवलेले.
दुधाच्या फ्रीजसमोर मी एकटीच हसले.

आणि जूनमध्ये: पेअर, चार.

पेअर निवडणं येरागबाळ्याचं काम नाही.
देठापाशी अंगठ्याने हलकं दाबायचं,
तिथे जरा नमलं, की दोन दिवसांत खाण्याजोगं.
यंत्र एका फळाला नऊ सेकंद देतं.
मी चाळीस घेतले.
सुपरवायझरच्या तक्त्यावर माझं नाव लाल झालं.
होऊ दे.

पुढच्या ऑर्डरखाली चिठ्ठी होती:
“पेअर मागच्यासारखेच. ज्याने निवडले त्याला कळतं.”
ज्याने. असू दे,
बाईमाणसाचा अंगठा पेअरवर उमटत नाही.

कस्टर्ड क्रीम यादीत अजून आहेत. राहोत.
चहात बुडवायला माणसाला काहीतरी लागतंच.

शिफ्ट संपते. बसच्या वरच्या मजल्यावर
मी माझा फोन काढते. माझी टोपली:
नूडल्स, चिप्स, गोठवलेला लझान्या,
मागचीच ऑर्डर पुन्हा.
रात्रभर दुसऱ्यांचं निवडणाऱ्या बाईला
स्वतःचं निवडायचा कंटाळा येतो.

शेवटच्या पानावर तोच प्रश्न.
बाहेर हॉलडर्नेस रोडवर शटर वर जाताहेत.
लझान्याऐवजी? नको.
चिप्सऐवजी? मुळीच नको.
नूडल्सपाशी अंगठा थांबतो,
देठापाशी थांबतो तसा,
हलकं दाबून बघतो.