काज

घर किल्ल्यात. कमलबस्तीपासून
पावलं मोजली तर नव्वद.
म्हणून खिळा ठोकायचा तरी
आधी कागद करायचा.

पाच खिडक्या. बाहेरून निळ्या,
आतून कुठे हिरव्या, कुठे पिवळ्या,
ज्या वर्षी जो डबा उरला त्या रंगाच्या.
वाळवीनं चौकटी खाऊन
नुसता रंग उभा ठेवला होता.
बोट टेकलं की आत जायचं,
चहात विसरलेल्या बिस्किटात जावं तसं.

मला ॲल्युमिनियमच्या हव्या होत्या. खोटं कशाला बोलू?
सरकत्या, बिनआवाजाच्या,
अनगोळच्या नणंदेकडे आहेत तशा.
कचेरीतल्या माणसानं मान हलवली.
बाहेरून होत्या तशाच दिसायला पाहिजेत.
होत्या तशा म्हणजे कधीच्या?
तो हसला नाही. "किटकी एष्टु?"
मी पाच बोटं दाखवली.
त्यानं कन्नडात लिहून घेतलं.
आमची खिडकी, त्यांची किटकी.
ख-चा श्वास गेला, ड जरा टणक झाला.
वारा दोन्हीतून येतो.

इराण्णा बडिगेर मापाला आला
आणि त्याची टेप दर खेपेला निराळं बोलू लागली.
वर सदतीस, खाली साडेअडतीस,
डावीकडे उतार.
"घर बसलंय बघा अक्का,
खिडक्याबी बसल्यात त्याच्यासंगं."
मी चाळीस वर्षं ब्लाउज शिवते,
मला यात नवं काय?
सरळ खांदे फक्त दुकानातल्या पुतळीला.
बाईचा एक खांदा कायम घागरीच्या बाजूला.
म्हटलं, भिंतीला सरळ करायला जाऊ नका,
लाकूडच वाकडं बेता.

मंगळवारी त्यानं मधली चौकट काढली.
बुधवारी नोटीस.
काम थांबवा, एका सहीखालची तारीख चुकली आहे.

त्रेचाळीस दिवस भोक.
खिडकीला कलम आहे. भोकाला नाही.
मी अस्तराचं कापड लावलं, वर पोतं,
तरी मार्गशीर्षातलं धुकं येऊन
मशीनच्या चाकावर बसायचं,
पहाटे पलटणीचा बिगुल
थेट उशीत.

बोळापलीकडे हंजीबाई.
तीस वर्षं आम्ही एकमेकींना
गजांमधून ओळखत होतो,
अर्धं कपाळ, एक बांगडी.
आता पोतं सरकवलं की सबंध बाई.
पहिल्या दिवशी दोघी लाजलो.
आठव्या दिवशी त्यांनी काठीला पिशवी अडकवून
शेंगाहोळगी पाठवली.
त्याच पिशवीतून मी त्यांचा झंपर,
हुकं नवीन लावून.
त्यांना उजव्या कानानं ऐकू येत नाही.
आणि मी इतकी वर्षं
त्यांना शिष्ट समजत होते.

सही आली. खिडकी बसली.
सागवान खानापूरचं, गज जुनेच,
कोयंडाही जुना, इराण्णानं घासून तेल दिलेला.
कचेरीचा माणूस जुना फोटो हातात धरून
खाली बोळात उभा राहिला,
एकदा फोटोकडे, एकदा वर.
फरक सापडला नाही. समाधानानं गेला.

शिकायला येणाऱ्या पोरींना मी पहिल्यांदा सांगते,
काज म्हणजे नुसतं भोक नव्हे,
कड भरली नाही तर ते उसवत जातं.
आता कड तर सुरेख भरली गेलीय.
हंजीबाई तेवढ्या परत अर्ध्या झाल्यात.

काल इराण्णा उरलेले पैसे न्यायला आला.
त्याला हळूच विचारलं,
यातला एक गज सुटा करता येईल का,
बाहेरून कळणार नाही असा?
तो बराच वेळ कोयंडा काढत-घालत राहिला.
मग खिशातून टेप काढली.
"पिशवी केवढी हाय, अक्का?"