नाव मोठ्यानं वाच

जाळीमागे बसून सहा वर्षं झाली.
किसुमूचा किबुये बाजार, हिरवा रंग फासलेली पत्र्याची टपरी,
रुंदीला माझे दोन हात,
उंचीला मी, आणि माझ्यावर एक कॅलेंडर.
नोटा घ्यायच्या, मोजायच्या, फोनवर भरून द्यायच्या,
वहीत सही घ्यायची
आणि येईल त्याला तेच सांगायचं :
पाठवण्याआधी पडद्यावर नाव येतं, ते वाच.
मनात नको. मोठ्यानं वाच.

लोक हसतात. "कोन्सोलाटा, तू मास्तरीणच व्हायचीस."
हसू देत.
ईस्टरच्या आठवड्यात एक म्हातारा आकडा चुकला,
साताच्या जागी एक.
नातीची फी मोम्बासात कुणाकडे तरी गेली,
ज्यानं एकदा फोन उचलला, "हॅलो" म्हणाला,
आणि मग कधीच उचलला नाही.
म्हातारा अजून येतो. पाठवत काही नाही.
बाकावर बसून दुसऱ्यांची नावं ऐकतो.

आज रिस्पर अदोंगो आली, घाईत,
बोटांना ओमेनाचे खवले चिकटलेले, चांदीच्या चुऱ्यासारखे.
सकाळीच मेसेज होता तिला :
फोन सरोवरात पडला. मी ओगोला. या नंबरवर पाठव.

ही ओळ मला पाठ आहे.
या एका वर्षात इतक्या ओगोलांचे फोन पाण्यात गेलेत
की मासेच आता एकमेकांना फोन करत असतील.

अकरा हजार चारशे शिलिंग.
तिनं नंबर टाकला, रक्कम टाकली,
आणि पडदा म्हणाला :
साराफिना अपोंडी.

"बाई आहे," रिस्पर म्हणाली.
"बाई आहे," मी म्हणाले.
बाकावरचा म्हातारा उठून उभा राहिला.

रद्द कर, मी म्हटलं, आणि फोन लाव.
आवाजावर जाऊ नकोस, आवाज कुणीही काढतं.
असं विचार, जे तुला आणि त्यालाच ठाऊक.

ती थोडा वेळ गप्प राहिली. चार वर्षांचा व्यवहार,
म्बिटाच्या किनाऱ्यावरून पोती येतात, इथून पैसे जातात,
त्यात दोघांचं असं काय असणार?
मग तिनं विचारलं,
"मागच्या महिन्यात तुझ्या पोत्यात, माशांखाली, काय निघालं?"

पलीकडे वारा. कुठलंसं इंजिन.
मग आवाज :
"चप्पल. पोराची. डाव्या पायाची.
तू बसवाल्याकडे परत धाडलीस, कागदात गुंडाळून.
का गं?"

रिस्परनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही.
एक गोष्ट राहिली होतीच.
"आणि ही साराफिना कोण?"

या वेळी इंजिनही थांबलं असावं.
"पोराची आई," तो म्हणाला.
"तिचं सिम मिठाच्या डब्यात ठेवलं होतं.
माझं बुडालं, म्हणून काढलं.
दोन वर्षांनी लावलं, तर चाललं.
अजून कुणी तिचं नाव खोडलेलं नाही."

मी खोट्यांची हजार सोंगं पाहिली आहेत.
मेलेली बायको तर त्यांची आवडती.
पण डाव्या पायाची चप्पल
कुठल्याच ठकाच्या पाठांतरात नसते.

रिस्परनं पुन्हा सगळं टाकलं, आकडा आकडा करत,
आणि न सांगता मोठ्यानं वाचलं :
"साराफिना अपोंडीला अकरा हजार चारशे पाठवू का?"
यंत्र तेच विचारत होतं, तिच्या आधीपासून.
तिनं होय दाबलं.
उत्तर आलं : साराफिना अपोंडीला पैसे मिळाले.

मला अशी वाक्यं रोज दिसतात, शंभरेक.
या वाक्यावर मात्र माझं पेन वहीतच थांबलं.

तेवढ्यात मागचा पोरगा जाळीवर नाणं वाजवायला लागला.
बोडाबोडावाला, हेल्मेट कोपरात, इंजिन चालूच.
"मावशी, नंबर बरोबर आहे, दाबू ना?"

माझ्याआधी म्हाताराच बोलला, बाकावरून :
"नाव वाच."
पोरगा वैतागला.
"मोठ्यानं," म्हातारा म्हणाला.