वीस अंश

ओंदारोआच्या धक्क्यावरून
माशांचा वास मारणाऱ्या फडक्यात गुंडाळून आलं ते बुश.
जाळं ओढायच्या विंचमधलं.
सोबत ड्रॉइंग नाही. विंच बनवणारी कंपनी
बुडून एकवीस वर्षं झाली.
चिठ्ठीत एवढंच : असंच एक हवं. शुक्रवारी.

असंच म्हणजे कसं?
झिजलेलं, की झिजायच्या आधीचं?

मी गेज आत सोडला.
उभं एक माप, आडवं भलतंच.
भोक गोल राहिलं नव्हतं,
अंड्यासारखं एका अंगाला गेलं होतं.
एल्गोइबारमध्ये लेथपाशी माझी छत्तीस वर्षं गेली,
पोलाद कळतं, ब्रॉन्झ कळतं.
समुद्र नाही. मला बोटीत उलट्या होतात.

अलियून म्हणाला, बघू.
आठ महिने झाले त्याला माझ्याकडे लागून.
त्याआधी सहा वर्षं बोटींवर,
त्याआधी सेनेगलचा किनारा,
जिथे त्याचा मामा होड्या रंगवतो.
बुशच्या आतून त्याने अंगठा फिरवला,
डोळे मिटून, भाकरीचा पापुद्रा चाचपावा तसा.
"जाळं उजवीकडूनच ओढतात ते. सगळा भार इथे.
आणि हे भरल्या जाळ्याने खाल्लेलं नाही, एदुर्ने.
भरलेलं सावकाश येतं.
रिकामं झटके देतं."

मग समोरच्या अंगाला,
जिथे भार कधी पोचलाच नाही,
बोटभर रुंदीची पट्टी सापडली, कोरी.
तिथली जाडी बारा. बाहेरचा व्यास चौऱ्याऐंशी.
दोनदा वजा केली.
साठ.
वर तेलाला जागा म्हणून सहा शतांश.
एवढंच होतं हरवलेलं ड्रॉइंग.

लोक शब्दांचा कीस पाडतात,
आम्ही ब्रॉन्झचा.
तो पिवळा, आखूड, पायमोज्यात शिरतो,
रात्री गादीत टोचतो.

शेवटचा काप अलियूनने घेतला.
चकमधून काढलं, पुसलं, मोजलं,
आणि तोंड पाडून उभा.
"अकरा मायक्रॉन जास्त. गेलं."

गेलं नाही. खाली ठेव.
त्या काळ्या दगडावर. आणि हात लावू नकोस.
कापल्याची आच आहे त्यात, तुझ्या पंजाची ऊब आहे.
वीस अंशांवर मोजायचं असतं,
इथेही, जपानातही, तुझ्या गावीसुद्धा.
तासभर थांब. त्याला तुझा हात विसरू दे.

कॉफी केली. तो म्हणाला,
थांबणं मला येतं.
बायकोच्या कागदांना चौदा महिने झाले.
लग्नाच्या दाखल्यात तिच्या नावात एक यू आहे,
पासपोर्टात नाही.
तीनदा परत आले.

मी काय बोलणार?
माझ्या धंद्यात प्रत्येक मापाशेजारी
बारीक अक्षरात लिहिलेलं असतं
किती चुकलं तरी चालेल.
चुकणारच, हे धरूनच आम्ही रेघ मारतो.
त्या खिडकीपलीकडच्या बाईंना
कुणी अशी मुभा लिहून दिलेली नसावी.
की दिली असेल, आणि त्या वाचत नसतील.
कॉफी कडू झाली होती. साखर संपलेली.

तासाने मोजलं.
साठ पूर्णांक शून्य सहा.
तो हसला नाही. पुन्हा मोजलं. मग हसला.

बिलात तीन तास लावले.
चौथ्याला रकाना नाही.

शुक्रवारी तो स्वतःच घेऊन निघाला, बसने.
त्याच फडक्यात, धुतलेल्या,
थंडी म्हणून कोटाखाली, पोटाशी धरून.
काचेतून मला दिसलं.
डेबाच्या वळणापर्यंत
ते पुन्हा दहाएक मायक्रॉन फुगलं असणार.

फुगू दे.
समुद्रावर कोण राहतं वीस अंशांत.