कोसरू

वजनमापं तपासणारा माणूस मी.
सव्वीस वर्षं दुकानांच्या पायऱ्या चढलोय.
मला ठाऊक आहेत
तळातून आत ठोकलेली मापं,
तागडीच्या पाठीला चिकटवलेला चिंचेचा गोळा,
वजनाच्या पोटातली पोकळी.

शहापुरात, कोरे गल्लीच्या तोंडाशी
निंगव्वा चुरमुरे विकते.
भट्टीची वाळू अजून पदराला.
तिचं लिटरचं माप मागून घेतलं,
माझ्या पितळी मापातलं पाणी त्यात ओतलं.
पाणी कडेला पोचलंच नाही.
दोन बोटं उणं राहिलं.

पुन्हा ओतलं. पुन्हा तेवढंच.
पालथं करून पाहिलं, तर तळ बाहेर फुगलेला,
आतून कुणीतरी हातोडीनं
सावकाश, गोल गोल ठोकत नेलेला.

'हे कुणी केलं?'
'मीच की. मालक गेले त्या वर्षी.'
'कशाला?'

एक पोरगं उभं होतं, त्याला आधी दिलं.
मग म्हणाली,
'घरात काय नव्हतं बघा साहेब.
रात्री मोजत बसायची,
तांदूळ किती, तेल किती, देणं किती.
मोजलं की अजून कमी व्हायचं.
एका रात्री उठले नि हातोडी घेतली.
दुसऱ्या दिवसापासनं
जास्त किती चाललंय, मलाच कळंना.
झोप लागाय लागली.'

नियमात जास्त हीसुद्धा चूकच.
अहवाल कन्नडात लिहायचा असतो,
मनात तो मराठीत उमटतो;
त्या रकान्याला
दोन्हीकडे शब्द सापडेना.
माप जप्त केलं.
शिक्क्याचं कोरं तिच्या हातात दिलं.

तिनं ते फिरवून पाहिलं,
नवी सून पाहावी तसं.
भरलं. म्हणाली, 'लाभ.'
एक म्हणत नाही ती कधी.
'लाभ. दोन.'
आणि मग त्या पिशवीत
वरून एक ओंजळ,
'कोसरू तगो, यप्पा.'
माझ्याकडे बघितलं फक्त.
ओंजळीवर शिक्का कुठं मारणार?

मी काही उदार माणूस नव्हे.
रिक्षावाल्याकडून दोन रुपये अजून मागून घेतो.
तिचं माप कचेरीच्या कपाटात आहे,
क्रमांकाची चिठ्ठी बांधलेलं.

परवा रात्री निपाणीहून भावाचा फोन आला.
एरवी दोन मिनिटांत आटपतो मी.
तेच त्याचं, गुडघा, पाण्याची टाकी,
शेजाऱ्यानं सरकवलेलं कुंपण.
'ठेवू का?' म्हणाला.
घड्याळाकडे बघत होतो,
तरी तोंडून गेलं,
'थांब की. अजून जरा सांग.'

तिकडे क्षणभर काहीच नाही.
मग टाकीचं पुन्हा पहिल्यापासून.

आत कुठंतरी पत्र्यावर
हलका एक घाव बसल्यासारखा वाटला.
एक म्हणालो नाही मी.