हिरवी खळ

शनिवारी पहाटे चारला ग्लेनिस खळ शिजवायची,
कार्डिफच्या स्टुडिओमागच्या पत्र्याच्या खोलीत:
ओट, कॉर्नफ्लोअर, खायचा हिरवा रंग.
कोपर बुडवून बघायची, निवलंय ना?
पोरांच्या डोक्यावर पडायचंय.

नऊला लाल दिवा.
उत्तर चुकलं की वरचं पिंप उलटं,
बरोबर आलं तरी उलटंच;
नियम कुणालाच धड ठाऊक नव्हते.
अख्खं वेल्स पायजम्यात बसून खिदळायचं.
पोती भरून पत्रं यायची. एकात दुधाचा दात.

मग पिंपं मोठी झाली.
तोफ आली, घसरगुंडी आली, प्रायोजक आला;
त्याचं दही गुलाबी, म्हणून खळही गुलाबी.
ग्लेनिसनं आठवडाभर अबोला धरला.

मार्चमध्ये सात वर्षांचा इद्रिस
पिंपाखाली उभा राहिला आणि म्हणाला, "नको."
थेट प्रक्षेपण. निवेदक हसला,
प्रेक्षक मोजू लागले, तीन, दोन
"नको," परत म्हणाला तो, अगदी हळू, माइकमध्ये.

दोरी माझ्या हातात होती.
कानातल्या यंत्रात कुणीतरी म्हणालं, ओढ.

कार्यक्रम बंद पडायला आणखी दोन वर्षं गेली.
कारण पैशांचं दिलं.

आता तिथे गालिच्यांचं दुकान आहे.
परवा पायपुसणं घ्यायला गेलो आम्ही दोघं.
मोरीच्या जाळीपाशी हिरवट कड.
"किती घासलं, जात नाही," दुकानदार म्हणाला.
"जायची नाही," ग्लेनिस म्हणाली, "माझ्या हातची आहे."

मी वर बघितलं.
छताला आकडा अजून तसाच.