तिसऱ्या रांगेतून

पालशेतच्या उत्सवात सत्तावीस वर्षं
मी 'संगीत शुक्तिका' पाहिलं,
म्हणजे उजव्या विंगेतून, स्टुलावर बसून,
मांडीवर वही, वहीवर बॅटरीचा पिवळा ठिपका.
मला ठाऊक आहे ते नाटक
कानांच्या पाळ्यांचं, टाचांचं,
पडद्याच्या मागे लावलेल्या ठिगळांचं.
राजवाडा मी कधी पाहिला नाही.
राजवाड्याच्या पाठीवर खडूने लिहिलेलं
'ही बाजू वर' तेवढं पाहिलं.

यंदा पोरं म्हणाली, काका, तुम्ही पुढे बसा.
त्यांना आता प्रॉम्प्टर लागत नाही.
सगळ्यांचं पाठ असतं म्हणे.

तर मी तिसऱ्या रांगेत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर,
मोतीबिंदू काढलेला एक डोळा, न काढलेला एक,
शेजारी सुरमईचा भाव बोलणारे दोघे.
तिसरी घंटा झाली तसा हात आपसूक
बॅटरी चाचपायला खिशात गेला.
खिशात घराची किल्ली.

शुक्तिका म्हणजे रघुवीर आग्रे.
दिवसा बाजारात शिवणयंत्र,
उत्सवाच्या रात्री नऊवारी.
त्याच्या टाचांच्या भेगांत अळता भरायचो मीच.
वरच्या षड्जाला जाण्याआधी
तो डाव्या हाताची मूठ पदराखाली आवळायचा.
पुढच्यांना वाटायचं विरह.
मला ठाऊक, दमा.
वहीत तिथे पेन्सिलीची फुली आहे: 'रघू श्वास'.
फुलीपाशी मीही श्वास घ्यायचो.
तो गेला, आणि पुढची नऊ वर्षं
नाटक बसलंच नाही.

आता दीक्षिता भाटकर.
बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहिते.
आवाज कोवळा, तान सरळ,
पाग फेकल्यासारखी नाही, दोरी सोडल्यासारखी.
ऑर्गनच्या जागी की-बोर्ड,
वाजवणारा पोरगा च्युइंगम चघळतो.
सहा पदं कापली.
माझं आवडतं, गलबताचं, दोन ओळींत उरकलं.
मी खोटी काढत बसलो,
दुसऱ्याच्या घरच्या कालवणात काढतात तशा,
ताट मात्र पुसून.

मग तिसरा अंक. बंदर.
गलबत परत आलंय, माणूस आला नाही.
नाखवा विचारतो, 'कुणाची वाट बघतेस, बाय?'
इथे तिचं वाक्य आहे. सत्तावीस वर्षं आहे:
'लाटेला विचार, मोजते ती आहे.'

दीक्षिता बोलली नाही.

माझे ओठ हलले.
आधी पुटपुट, मग जवळजवळ मोठ्याने, 'लाटेला…'
सुरमईवाले वळून बघायला लागले.
ती गप्प.
नाखवा झालेला तांडेलांचा मुलगा जागीच थिजला.
की-बोर्डवाल्याचा जबडा थांबला.
आणि देवळामागून, सुपारीच्या बागांपलीकडून
समुद्र ऐकू आला.
एक.
दोन.
इतकी वर्षं तो तिथेच होता,
आम्ही त्याच्यावरून वाक्य म्हणत होतो.
तिसऱ्या लाटेला तिने पद उचललं,
मूठ न आवळता.

नंतर रंगपटात गेलो.
खोबरेलाचा वास तोच.
ती पायरीवर बसून कापसाने गाल पुसत होती.
विचारायचं होतं, विसरलीस, की ठरवलं होतंस?
तिनेच आधी विचारलं,
'काका, त्या वाक्याचा अर्थ काय हो?
मला कधी नीट कळलाच नाही.'
मी म्हटलं, रघूलाही कळला नव्हता.
खरं तर मलाही.

घरी येऊन वही उघडली.
रघूच्या फुलीखाली लिहिलं:
'दीक्षिता. तीन लाटा.'
पेन्सिल खाली ठेवली आणि आठवलं,
आज पौर्णिमा, मध्यरात्री भरती होती, उधाणाची.
पुढचा प्रयोग असगोलीला, अष्टमीला.
अष्टमी म्हणजे भांगाचं पाणी,
आणि तिसऱ्या अंकाच्या वेळी नेमकी ओहोटी.
समुद्र लांब गेलेला असेल. ऐकू येणार नाही.

पोरीला कुणीतरी सांगायला हवं.
स्टूल माळ्यावर आहे.
बॅटरीला नवे सेल लागतील.