निळी पेटी

तेवीस वर्षं या रस्त्यावर मी घाईत होते.
कॅरिअरला बांधलेली निळी पेटी, पेटीत बर्फाच्या चार लाद्या,
लाद्यांच्या मधोमध लस,
आणि लासूर मागे पडल्यावर प्रत्येक चढाला
एकच हिशेब: किती उरला असेल.

पेटी आजही तीच.
निर्लेखनाच्या यादीत निघाली, त्याच महिन्यात मीही निघाले,
तर मागून घेतली.
आत कळण्याच्या चार भाकरी, ठेचा, कांदा,
आणि कोकिळा सोनवणेची औषधं,
जेवणाआधीची, जेवणानंतरची.

कोकिळाची सायकल पुतण्याची. गिअर सहा,
तिला ठाऊक दोन: जड, आणि कमी जड.
माझी जुनी काळी. चेनकव्हर खुळखुळतं,
बाकी तक्रार नाही.

केळीच्या बागा संपतात तिथे सावली कापल्यासारखी संपते.
मग नुसता माळ.
माघातलं गवत, वाळून पिवळंही न उरलेलं,
मधेच एखादी बोराटी, एखादा हिवर,
आणि दगड, कुणीतरी मोजायला मांडून
मोजणं अर्धवट सोडून गेल्यासारखे.
सलवारीला कुसळं. उतरून काढायची,
पुन्हा बसायचं, पुन्हा कुसळं.
तित्तरांची एक ओळ रस्ता ओलांडते;
आम्ही पाय टेकवून उभ्या.
पूर्वी मी घंटी वाजवली असती.

कापसाची बैलगाडी मागून आली आणि पुढे गेली.
होय, बैलगाडी.
गाडीवान म्हणाला, "कथा चालन्यात व बाई?"
"कथाच नही," कोकिळा म्हणाली.
त्याला ते पटलं नाही. वळणापर्यंत
तो मागे बघत होता, बैल पुढे.

जंगल मला फक्त अंतर म्हणून माहीत होतं.
फरशी पूल, मग चढ, मग जळका अंजन, मग उतार:
उतार म्हणजे सहा मिनिटं वाचली.
सालईची साल अशी कागदासारखी सुटते,
खाली खोड हिरवट निघतं,
हे साठाव्या वर्षी, ब्रेक लावून, पाहिलं.
बोट लावलं. बोटाला डिंकाचा वास राहिला.

फरशीजवळ मी थोडी जास्त थांबले.
एका श्रावणात इथलं पाणी उतरायला दुपार झाली होती.
पलीकडे मोहाखाली बायका पोरं घेऊन बसलेल्या दिसत होत्या.
मी पेटी हलवली, आत नुसतं डुचमळलं.
हातानेच खूण केली, नाही म्हणून.
त्या तरी लगेच उठल्या नाहीत.
कोकिळाला हे सांगितलं नाही.
ती सीट खाली करायला पाना मागत होती.

पाझर तलाव आटत आटत मधे गेलाय.
काठाला चिखलाच्या भेगा, चिखलात बगळ्यांचे पाय उमटलेले.
पाण्यावर बदकं. कोकिळा एकेकाचं नाव सांगते,
ठामपणे, आणि दरवेळी निराळं.
सायकली आडव्या टाकल्या. एक चाक बराच वेळ फिरत राहिलं,
कुणी थांबवलं नाही.

म्हशी धुवायला आलेला पोरगा,
पोरगा कसला, चांगला मिशीवाला बाप्या,
अंगात बनियन, डाव्या दंडावर तो गोल खळगा.
माझाही असेल. तालुक्यात सगळ्यांनाच असतो.
मी पेटीचं झाकण उघडलं, ते टक्क वाजतं,
आणि त्याचा उजवा हात
आपोआप दंडावर गेला.

तिघंही हसलो. मग त्याला भाकरी दिली.
त्याने उपरण्यातली बोरं पेटीत ओतली,
एवढी की झाकण लागेना.

पाच वाजून गेलेत. परत सोळा किलोमीटर.
कोकिळाची जेवणानंतरची गोळी राहिलीय.
पाण्यावर ऊन अजून आहे.
आम्ही उठत नाही.